हुबेहूब आलंय, पण ती मी नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या वाचनात वाटलं की मापांची गडबड आहे. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की मापं ठीकच असणार, गडबड वेगळीच आहे.

थोडक्यात तुमचं म्हणणं असं: वय बेचाळीस, राहायला कोथरूडला. दोन वर्षं क्ले मॉडेलिंग शिकलात आणि आता घरच्या बाल्कनीत शाडूमध्ये स्वतःचं लाइफसाइझ डोकं करताय. तीन महिने झाले. नाक, डोळे, जिवणी जागच्या जागी आहे. घरचे म्हणतात 'हुबेहूब', आणि तुम्हाला मात्र त्यात कुणीतरी अनोळखी बाई दिसते. शिवाय चार उपप्रश्न: लाइफ कास्ट (जिवंत चेहऱ्यावरूनच काढलेला साचा) घेऊन नव्याने सुरुवात करावी का, टिकली-मंगळसूत्र दाखवावं का, सासूबाई म्हणतात तसं जिवंतपणी स्वतःचा पुतळा करणं अशुभ आहे का, आणि लग्नात नाव बदललंय तर खाली सही कुठल्या नावाने करायची. शेवटचा प्रश्न तुम्ही कंसात टाकलाय, पुढे हसरा चेहरा. माझ्या मते खरा प्रश्न तोच. बाकीचे त्याच्या आडोशाला उभे आहेत.

आधी एक कबुली. मी तुमचं काम पाहिलेलं नाही. तुम्ही टाकलेला फोटो समोरून, एकाच बाजूच्या उजेडात काढलेला आहे, आणि त्यावरून शिल्पाबद्दल बोलणं म्हणजे फोनवर नाडी पाहणं. काम कोणासाठी करताय यावरही बरंच अवलंबून आहे. प्रदर्शनात ठेवायचंय, घरात ठेवायचंय की झाल्यावर माती पुन्हा पिंपात टाकायची आहे? मी तिन्ही केलेलं आहे आणि तिन्हीची उत्तरं वेगळी निघाली. तेव्हा पुढचं सगळं माझ्या अनुभवापुरतं.

माझा धंदा पोर्ट्रेटचा. तीस वर्षं होत आली. संस्थापक, अध्यक्ष, कैलासवासी आजोबा असले अर्धपुतळे करते, बहुतेक फोटोवरून. घरचे सगळे माझ्या कामाच्या शेडमध्ये येऊन उभे राहतात, 'नाक जरा बारीक करा', 'आण्णा एवढे रागीट नव्हते हो', आणि मी नाक बारीक करते. स्वतःचं डोकं मात्र आजवर पाचदाच केलं. पहिलं कॉलेजात, बाविसाव्या वर्षी. सरांनी टर्नटेबल, म्हणजे शिल्पाखालचा फिरता पाट, एकदा फिरवला आणि विचारलं, "छान आहे. कोण ही?" मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हती.

आता आरशाकडे येऊ. बहुतेकींची वाट तिथेच चुकते.

उद्या आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर, एक डोळा मिटून, आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवा. मग पट्टीने मोजा. खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल. दोन पावलं मागे सरकून पुन्हा गिरवा, तरी निम्मीच. आपण आरशापासून जितके लांब, तितकीच प्रतिमा काचेच्या पलीकडे असते आणि काच बरोबर मधोमध येते, म्हणून असं होतं. रोज पाहतो तो चेहरा वीतभर उंचीचासुद्धा नसतो, आणि हे आपल्याला जन्मभर कळत नाही. मी वर्गात हा प्रयोग करायला लावते तेव्हा मुली पट्टी दोनदा तपासून पाहतात.

शिवाय तो उलटा असतो. भांग डावीकडे असेल तर आरशातल्या बाईचा तिच्या उजवीकडे. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे ही अदलाबदल बारीक असली तरी जाणवते. १९७७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला होता. विद्यार्थिनींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. बहुतेकींना उलटा आवडला. त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याची सवय झालेली असते तेच आपलं वाटतं. तुमच्या घरचे 'हुबेहूब' म्हणतात आणि तुम्हाला परकं वाटतं, यात थोडा वाटा याचाही असेल. तुम्ही आरसा वापरलात की फोटो, हे लिहिलेलं नाही. आरसाच वापरला असेल तर नेमकं उलट व्हायला हवं होतं, आणि तसं झालं नाही म्हणूनच मला वाटतं, दुखणं आणखी खोल आहे.

त्याआधी फोटोबद्दल एवढंच: सेल्फीवरून काम करू नका. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दुसऱ्या कुणाला दीड-दोन मीटर लांब उभं करून, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर धरायला सांगून, चहूबाजूंनी आठ फोटो काढून घ्या. मागून आणि वरूनसुद्धा. आरसा हवाच असेल तर दोन आरसे काटकोनात जोडा. त्या सांध्यात तुम्हाला न उलटलेला चेहरा दिसेल. पहिल्यांदा बघताना चक्कर आल्यासारखं होतं, फणी भलत्याच बाजूला जाते.

पण आरशाचा सगळ्यात मोठा दोष असा की त्याच्यासमोर आपण कधी एकट्या नसतो. भुवया किंचित वर, ओठ मिटलेले, हनुवटी आत. पिन लावतानाचा, कुंकू सरळ आहे ना पाहतानाचा चेहरा. इतकी वर्षं आरशासमोर उभं राहून आपण तो तयार केलेला असतो आणि दुसऱ्या कुणी तो फारसा पाहिलेला नसतो. तुम्ही तीन महिने त्या बाईचं पोर्ट्रेट करताय.

हे मला कळलं ते माझ्या तिसऱ्या डोक्याच्या वेळी. वय सेहेचाळीस. चेहरा आरशात बघून केला होता, मागचा भाग मात्र दिसत नसल्यामुळे हाताने. डावा हात स्वतःच्या कवटीवर, उजवा मातीवर. मानेचा खळगा, कानामागचं हाड, अंबाड्याखाली केस खेचले जातात ती जागा, सगळं चाचपून. शेड झाडायला मावशी यायच्या. त्या झाडता झाडता थांबल्या, डोक्याला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ताई, मागनं बघितलं तर तुम्हीच. पुढनं कोणतरी मॅडम बसल्यात."

मला राग आला, कारण पुढच्या बाजूवर दीड महिना घालवला होता आणि मागच्या बाजूवर दोन दुपारी. पण टर्नटेबल फिरवून पाहिलं तर त्यांचं शंभर टक्के खरं होतं. दुसऱ्या दिवशी वायर टूलने पूर्ण चेहरा कापून काढला आणि डोळे मिटून पुन्हा केला.

तुम्हीही हेच करून बघा असं माझं सांगणं. चेहरा लगेच कापू नका, थोडं थांबा. रोज वीस मिनिटं, आरसा झाकून, डोळे मिटून, एका हाताने स्वतःचा आणि दुसऱ्याने मातीचा चेहरा चाचपा. घाईने बदल करू नका, नुसती तुलना करा. मला माझ्या डाव्या जबड्यावर एक गाठ सापडली. दात आवळायच्या सवयीने तिथला स्नायू उजव्यापेक्षा जाड झालाय. आरशात तो कधी दिसला नव्हता, कारण आरशासमोर मी दात आवळत नाही. आवळते ते गिऱ्हाईक पैशांचं बोलायला लागल्यावर. माझ्याबद्दल त्या गाठीइतकं खरं माझ्या बाकीच्या चेहऱ्यात काही नाही.

चित्रकार स्वतःला एकाच कोनातून पाहिलं तरी भागवतो. आपल्याला डोक्याभोवती फिरावं लागतं, आणि त्यातला निम्मा प्रदेश आपण कधीच पाहिलेला नसतो. आपली पाठ, मान, चालताना डोकं पुढे काढायची लकब हे सगळं दुसऱ्यांच्या ताब्यात असतं. म्हणून स्वतःचं शिल्प करताना दोन जणांना सिटिंगला बसवायचं: एक आपली बोटं, दुसरं आपल्याला मागून ओळखणारं माणूस. भाजीवाली, धाकटी बहीण, कुणीही. नवरा चालेल, पण तो 'छान' म्हणून मोकळा होईल.

मापांचं एकदा तपासून टाका, म्हणजे तो संशय मिटेल. डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध येतात. नवशिक्या लोकांचे हमखास वर जातात, कारण कपाळाच्या वरची कवटी आपण मोजतच नाही. बाजूने पाहिलं तर कान मध्यरेषेच्या मागे असतो. आणि डोकं पुढून मागे जवळजवळ हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीइतकंच खोल असतं, थोडंसंच कमी. स्वतःला समोरून बघून केलेली डोकी ताटासारखी चपटी होतात. कॅलिपर (अंतर मोजायचा दुपायी चिमटा) स्वतःच्या कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत लावा आणि तसाच मातीवर ठेवा. दोन बोटं माती कमी निघाली तर मला नवल वाटणार नाही.

लाइफ कास्टचा प्रश्न झटकन संपवते. नको. चेहऱ्यावर थेट पीओपी तर कधीच नको, घट्ट होताना ते तापतं आणि भाजतं. दाताचे डॉक्टर मापासाठी वापरतात ते अल्जिनेट असतं, ते काही मिनिटांत बसतं, पण तेही एकटीने स्वतःवर घेऊ नका. नाकपुड्यांवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस लागतंच. आणि एवढं करून हाती काय येतं? डोळे मिटलेले, गाल साच्याच्या वजनाने दबलेले, स्नायू सैल. त्वचेचं छिद्र न छिद्र येतं आणि माणूस गेल्यासारखं दिसतं. ज्या ओळखीच्या शोधात तुम्ही आहात ती त्या छिद्रांत नाही.

टिकली आणि मंगळसूत्र. याला माझं उत्तर आधी तांत्रिक आहे, मग दुसरं. टिकली हा रंग आहे, आकार नाही. मातीत ती ठिपक्यासारखी लावली की चामखीळ दिसते. कोरली तर भोक दिसतं. एका अध्यक्षबाईंच्या पुतळ्यावर घरच्यांच्या आग्रहाखातर मी केली होती, अजून त्या रस्त्याने जाताना मान वळवते. मंगळसूत्राचे मणी मातीत ओळीने बसवले की सगळी नजर तिकडे जाते आणि चेहरा मागे पडतो.

पण दागिना काढला तरी त्याची खूण शरीरावर राहते, आणि तो आकार असतो. वीस वर्षं कुड्या घालून पाळीवरचं भोक लांबट होतं, पाळी खाली ओढली जाते. चमकी कधीच काढून ठेवली तरी नाकपुडीवर खळी राहते. चष्म्याची नाकावरची दोन लंबगोल दाबं. रोज एकाच जागी भांग पाडून तिथले विरळ झालेले केस. पदर सांभाळायची किंवा पर्स अडकवायची सवय असलेला खांदा दुसऱ्यापेक्षा वर. हे सगळं तुमच्या डोक्यावर आहेच. मी तरी तेवढंच दाखवते. सौभाग्याच्या खुणा दाखवाव्यात की नाही हा वाद त्यामुळे मला कधी घालावाच लागला नाही. शरीराने आधीच काय ते नोंदवलंय. तुम्हाला मंगळसूत्रच महत्त्वाचं वाटत असेल, त्याच्याशी तुमचं भांडण किंवा प्रेम असेल, तर मात्र ते पूर्ण करा, अर्धवट सूचित करू नका.

काय दाखवायचं याचं उत्तर प्रत्येकीने वेगळं काढलंय. बोलोन्याची ॲना मोरांदी ही अठराव्या शतकातली शरीररचनेची मेणाची शिल्पं करणारी बाई. तिने मेणात स्वतःलाच केलं, उंची कपडे, अंगावर दागिने, आणि हातांखाली माणसाचा उघडा मेंदू. ती त्याचं विच्छेदन करतेय. ते शिल्प आजही बोलोन्याच्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चेहऱ्यापेक्षा हात काय करताहेत यात तिने स्वतःची ओळख ठेवली. जर्मनीच्या केट कोलवित्झचा ब्राँझमधला स्वतःचा चेहरा १९२६ ते १९३६ अशी दहा वर्षं चालू होता. तीन महिन्यांत वैतागू नका म्हणते ते यासाठी. पहिल्या महायुद्धात १९१४ साली तिचा मुलगा मारला गेला आणि त्याच्या दफनभूमीसाठी तिने केलेल्या आई-वडिलांच्या गुडघे टेकलेल्या मूर्तींना तिचा आणि तिच्या नवऱ्याचा चेहरा आहे. तिथे ती कुणाही मेलेल्या पोराची आई आहे, आणि तरी तीच आहे. आणि १९९३ मध्ये जनीन अँटोनीने स्वतःच्या चेहऱ्याचे चौदा अर्धपुतळे केले, सात चॉकलेटचे, सात साबणाचे. चॉकलेटचे चाटून आणि साबणाचे आंघोळीत घासून तिने स्वतःचा चेहरा झिजवला. मला ते काम ऐकून चमत्कारिक वाटलं होतं, पण साबणाने स्वतःला घासत पुसत नेणं आपल्या बायकांना समजवावं लागत नाही.

यावरून आठवलं, बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात जा आणि वज्र्या बघा. टाचा घासायच्या, त्यांवर छोटे छोटे प्राणी-पक्षी घडवलेले. मी त्या पाहून आल्यावर चेहरा सोडून माझी टाच केली, भेगांसकट, टेराकोटामध्ये. माझं चौथं 'डोकं' ते. स्वतःचं शिल्प म्हणजे चेहराच, असं कुणी सांगितलंय? तुमच्या डोक्याने फारच छळलं तर आठवडाभर झाकून ठेवा आणि हात करा.

सासूबाईंच्या म्हणण्यावर. मी शकुन-अपशकुन मानत नाही, पण त्या काय म्हणताहेत ते मला कळतं. आपल्या शहरात पुतळा म्हणजे चौथरा, हार, जयंती, पुण्यतिथी. छातीशी आडवा कापलेला अर्धपुतळा पाहिला की हात आपोआप हार शोधतो. बाईचा पुतळा तर ती राणी किंवा समाजसुधारक झाल्यावरच. नाहीतर शिल्पातली बाई म्हणजे मॉडेल. गणपतराव म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी मला अतिशय आवडते, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकताना केलेलं ते काम आजही थक्क करतं, पण ती बाई कोण असा प्रश्न ते शिल्प आपल्याला पडू देत नाही. ती देवळाकडे निघालेली कुणीही आहे. तुम्ही चौथऱ्यावरची नाही आणि 'कुणीही' पण नाही. मग तसं दिसू द्या. छातीशी आडवं कापू नका. मानेखाली, खांद्याच्या उतारावर तिरकं तोडा, किंवा एक खांदा पूर्ण घ्या आणि दुसरा सोडून द्या. आणि लाइफसाइझ सोडा. एकतर थोडं मोठं करा, नाहीतर नारळाएवढं. हार घालायला कुणी धजणार नाही, सासूबाईंनाही पुतळा वाटणार नाही.

मोठं-लहान करण्याचं आणखी एक कारण. हे भाजून ठेवायचं असेल तर शाडू माझ्या भरवशाची नाही. भट्टीत जाणारी टेराकोटाची माती घ्या, कसब्यात कुंभारवाड्यात विचारलंत तर मिळण्याची वाट सापडेल. ती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण ८ ते १० टक्के आटते. २२ सेंटिमीटरचं डोकं वीसच्या आसपास येईल, आणि लाइफसाइझपेक्षा जरासं लहान डोकं फार केविलवाणं दिसतं, चूक झाल्यासारखं. भाजायचं तर आतून पोकळ करावं लागेल, भिंत बोटभर जाड, आतला सांगाडा काढून. शाडूतच संपवायचं असेल तर पीओपीचा साचा काढून फायबरमध्ये ओता. तोपर्यंत ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक, आणि मे महिन्यात बाल्कनीत दिवसातून तीनदा पाहणं आलं. पुण्याचं ऊन पापणी आणि कानाची पाळी सगळ्यात आधी तडकवतं.

आता सही. माझंही नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला ते नाव वाईट वाटलं असंही नाही. बँकेत, पॅनवर, बिलांवर तेच आहे. माहेरी अजून पहिलं चालतं. कामांवर मी वर्षानुवर्षं फक्त आडनावाचं पहिलं अक्षर टाकत आले, ते निदान भांडण मिटवायला बरं. तिसरं डोकं करताना मात्र ते पटेना. मावशींनी मागून ओळखलेली बाई कोणत्या नावाची? मी स्वतःशी काही दिवस खरोखर वाद घातला. नवं नाव खोटं नाही, माझी अर्ध्याहून जास्त वर्षं त्याच नावाने गेलीत. जुनं टाकलं तर ती वर्षं पुसली जातात. दोन्ही बाहेर लिहिली की पत्ता लिहिल्यासारखं दिसतं.

शेवटी डोकं पोकळ केल्यावर, माती कडकसर पण ओली असताना, आत हात घालून खिळ्याने दोन्ही नावं कवटीच्या आतल्या बाजूला लिहिली. बघून नाही, अंदाजाने, त्यामुळे एक वेलांटी दुसरीकडे गेली आहे. बाहेरून काही दिसत नाही. खालून हात घातला तर बोटांना लागतं.

तुम्ही तसंच करावं असं नाही. सही मानेवर, केसांच्या रेषेखाली घातली तरी चालेल, फक्त वाळायच्या आत ठरवा, नंतर कोरली की कडा फुटतात. पण त्याआधी कुणाला तरी मागून उभं करा. आणि इथे पुढचा फोटो टाकाल तो समोरचा नको. मागचा टाका.